घाम न फुटलेला बर्फ

सुईवाली सिस्टर नऊ वर्षं एकच मंत्र घोकत आली होती. बर्फाला घाम फुटल्याशिवाय पेटी भरायची नाही. आरोग्य केंद्रात नवी मुलगी कामाला लागली की पहिल्या दिवशी तिला हाच धडा, आणि तोही असा चढ्या आवाजात की पोरगी आठवडाभर स्वप्नात बर्फच बघायची.

त्यात चूक काही नव्हती म्हणा. लसीची निळी पेटी असते, तिच्यात चारी बाजूंनी पाणी भरून गोठवलेले प्लास्टिकचे चपटे डबे उभे करतात, मधोमध लसीच्या बाटल्या. डबे फ्रीजरमधून काढले की शून्याच्या कितीतरी खाली असतात, पार दगड. तसेच पेटीत कोंबले तर शेजारची लसही गोठून बसते. म्हणून ते आधी टेबलावर मांडून ठेवायचे. बाहेरून घाम फुटला आणि कानाशी हलवल्यावर आत पाणी डुबुक वाजलं, की काम झालं. एकदा का बर्फ आणि पाणी एकत्र नांदायला लागले, की डबा शून्याच्या खाली राहत नाही आणि बराच वेळ वरही चढत नाही. बाहेरून कितीही ऊन लागू दे, ती सगळी उष्णता उरलेला बर्फ वितळवण्यातच खर्ची पडते. जगाला वाटतं लसीचा वैरी ऊन. ऊन वैरी आहेच, पण ते सावकाश जीव घेतं. काही लसींना एकदा गोठणंच पुरतं.

आणि इतकं सगळं तोंडपाठ असलेली बाई त्या दिवशी नेमकी डबा कानाशी धरायला विसरली.

कारण आनंद. दुसरं काही नाही. सकाळी साडेसातला टेकडीवरच्या कपबशा घडवणाऱ्यांच्या वस्तीतून फोन आला. तिथल्या एका आजीची सून दबक्या आवाजात बोलत होती.

‘‘सिस्टर, सासूबाई तयार झाल्यात. बाळाला स्वतः घेऊन येते म्हणाल्या. पण लवकर या, त्यांचं मन फिरायच्या आत.’’

ही आजी म्हणजे वस्तीचं कुलूप होती. माती निथळवण्याचं काम तिचं. हौदात माती कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं बारीक तेवढं पुढच्या हौदात सोडायचं. चाळीस वर्षं हेच. तिच्या हातून आलेल्या मातीचा कप तडकत नाही म्हणतात. तीन वर्षांपूर्वी सिस्टर पहिल्यांदा तिच्या दारात गेली, तेव्हा आजीने तिला उंबऱ्यावरच थांबवलं होतं.

‘‘बाटलीत काय आहे?’’

‘‘लस आहे, आजी.’’

‘‘ते नाव झालं. आत काय आहे, ते तू बघितलंयस का? मी बोटांत चोळून बघितल्याशिवाय माती पुढे देत नाही. तू न बघता लेकरांच्या मांडीत घालतेस.’’

सिस्टरने चिठ्ठी दाखवली, तारीख दाखवली, सरकारी शिक्का दाखवला. आजीने दार लावून घेतलं. आजीचं दार लागलं म्हणून शेजारची सातही दारं लागली. थोरली नात तीन वर्षांची झाली तरी तिला एक सुई लागलेली नव्हती. सिस्टर तरीही दर महिन्याला जायची, पाणी मागून प्यायची, हौदाच्या काठावर बसून इकडचं तिकडचं बोलायची आणि उठून यायची. तीन वर्षं पाणी प्यायल्यावर आता कुठे दार किलकिलं झालं होतं.

तेव्हा ती धावतपळत केंद्रात पोचली तर भांडारकाकांनी पेटी तयारच ठेवलेली. भांडार सांभाळणारे हे काका मनाने लोणी, पण उत्साहाला आवर नाही.

‘‘सिस्टर, आज ऊन बघितलंत का? मी आत्ता फ्रीजरमधून काढून कडक डबे घातलेत. संध्याकाळपर्यंत बिनघोर राहा. आणि बाटल्यांना तो तुमचा स्वेटरही घातलाय.’’

स्वेटर म्हणजे सिस्टरच्या सासूबाईंनी विणलेली जाड लोकरीची पिशवी. बाटल्या डब्यावर आपटून फुटू नयेत म्हणून त्यांनी विणली होती, आणि काका रोज तिची टिंगल करायचे. औषधाला सर्दी होते का, हा त्यांचा ठरलेला विनोद. सिस्टर ठरल्याप्रमाणे हसली. ‘कडक’ हा शब्द तिच्या कानात शिरला आणि दुसऱ्या कानातून बाहेर पडला. तिने पेटी खांद्याला लावली आणि बस पकडली.

वस्तीतल्या शाळेच्या ओसरीवर पोचायला सव्वा तास लागला. तिने बाटल्या काढून पेटीच्या तोंडावरच्या स्पंजात खोचल्या आणि आधी वजनं करायला घेतली. पाऊण तास त्यात गेला. तिचं लक्ष बाटल्यांकडे नव्हतं, वाटेकडे होतं. अठराव्या नंबरला आजी आली. मातीने पांढुरक्या झालेल्या हातांत नातू, अडीच महिन्यांचा, डोक्यावर केस असे उभे की नुकताच घाबरून उठलाय. पोराची मांडी तिने स्वतः धरली. सुई लागली, पोराने वस्ती डोक्यावर घेतली, आजीने त्याला खांद्यावर टाकलं आणि आली तशी गेली. सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. नऊ वर्षांत इतकी गोड किंकाळी तिने ऐकली नव्हती.

एकोणिसावं बाळही टोचून झालं. साडेअकराला तिने आवराआवर सुरू केली. दोन बाटल्या संपल्या होत्या, तिसरी न उघडताच उरली होती, ती परत ठेवायला तिने पेटीत हात घातला आणि बोट डब्याला चिकटलं.

डब्यावर बर्फाचा पांढरा, कोरडा थर होता, घामाचा टिपूस नव्हता. तिने तो कानाशी धरून हलवला. काहीच वाजलं नाही. दुसरा हलवला, तिसरा हलवला, सगळे मुके.

ती ओसरीच्या पायरीवर बसली. तिसरी बाटली उजेडात धरली तर आत दुधाळ, पातळ औषध, नेहमीसारखं. पण त्याने काय सिद्ध होतं? वाटेत सव्वा तासात गोठलं असेल आणि स्पंजात पाऊण तासात पुन्हा वितळलं असेल, तर वरून पाहून कुणालाही कळणार नाही. पाणी गोठतं, वितळतं, पुन्हा पाणी होतं, त्याचं काही जात नाही. या औषधाचं तसं नाही. आतले बारीक कण गोठताना एकमेकांना चिकटतात ते कायमचे, मग औषध पातळ झालं तरी त्यातला गुण परत येत नाही. एकोणीस पोरांच्या मांडीत तिने कदाचित गढूळ पाणी टोचलं होतं. त्यातलं एक त्या आजीचं.

शहानिशा करायची रीत तिला माहीत होती. त्याच खेपेतली एक बाटली मुद्दाम गोठवायची, वितळू द्यायची, मग ती आणि संशयातली बाटली एकाच मुठीत धरून हलवायची आणि टेबलावर ठेवायची. गोठून बिघडलेलं औषध भराभर तळाशी बसतं, चांगलं औषध बराच वेळ तरंगत राहतं. पण बाटली नीट गोठायला रात्र जाणार. उत्तर उद्या सकाळी.

म्हणजे उद्यापर्यंत गप्प बसायला हरकत नव्हती. औषध चांगलं निघालं तर कुणाला कळायचंही कारण नाही. वाईट निघालं तर तेव्हाचं तेव्हा. कुणीही शहाण्या माणसाने हेच केलं असतं, आणि सिस्टर काही वेडी नव्हती. ती बसथांब्यापर्यंत गेलीसुद्धा. तिथे उभी असताना तिला तो तीन वर्षांपूर्वीचा प्रश्न आठवला. आत काय आहे, ते तू बघितलंयस का? आजच्यापुरतं खरं उत्तर होतं, नाही बघितलं. बस आली, आणि ही बाई पाठ फिरवून पुन्हा चढ चढायला लागली.

आजी हौदात वल्हं फिरवत होती. सिस्टरने काठावर पेटी ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. डबे कडक होते, मी तपासले नाहीत, लस गोठली असू शकते, गोठली असेल तर उपयोग नाही, त्रास काही होणार नाही पण रोगापासून रक्षणही होणार नाही, पुन्हा टोचावं लागेल.

‘‘गोठलं तर वितळव की,’’ आजी वर न बघता म्हणाली.

‘‘वितळतं हो, पण पहिल्यासारखं होत नाही. तुमचा भट्टीतून निघालेला कप भिजत घातला तर त्याची परत माती होते का?’’

वल्हं थांबलं. आजीने पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं.

‘‘कधी कळणार?’’

‘‘उद्या सकाळी दहापर्यंत.’’

‘‘जा मग,’’ आजी म्हणाली आणि वल्हं पुन्हा सुरू झालं. सिस्टर उताराला लागली तेव्हा मागे वल्हं थांबलं आणि दार लागल्याचा आवाज आला. झालं, तीन वर्षांचं पाणी वाया गेलं, असं तिच्या मनात आलं आणि उतारावरून येताना तिने पदराने तीनदा नाक पुसलं.

केंद्रात डॉक्टरांनी ऐकून घेतलं, चाचणी करा म्हणाले, वाईट निघाली तर एकोणीसही जणांना बोलावू म्हणाले. ते सोपं होतं. अवघड होते काका. ते खोक्यावर मटकन बसले.

‘‘मी केलं हे, सिस्टर. मला वाटलं जास्त थंड म्हणजे जास्त चांगलं.’’

‘‘कानाशी धरायचं काम माझं होतं, काका.’’

‘‘तुम्ही मला चार शिव्या घाला. मला बरं वाटेल.’’

‘‘उद्या घालीन. आज अंगात त्राण नाही.’’

त्याच खेपेतली एक बाटली त्यांनी नोंद करून फ्रीजरमध्ये ठेवली. काकांनी तिच्यावर लाल पट्टी चिकटवली, आणि पेटीतली तिसरी बाटली फ्रीजमध्ये वेगळ्या कप्प्यात ठेवली, तिच्या स्वेटरासकट.

घरी सासूबाईंनी ताट वाढलं आणि सुनेच्या तोंडाकडे बघून आधी पाणी पुढे केलं. सुनेने सगळं सांगितलं.

‘‘आणि तू त्या म्हातारीला आधीच सांगून आलीस?’’ सासूबाई म्हणाल्या.

‘‘हो.’’

‘‘मी असते तर नसतं हो सांगितलं. उगाच कशाला जिवाला घोर.’’ त्यांनी ताट सुनेपुढे सरकवलं. ‘‘पण कुणी माझ्या नातवाचं माझ्यापासून लपवलं असतं, तर मी त्याचं तंगडं मोडलं असतं. जेव आता.’’

सकाळी आठला सिस्टर केंद्रात पोचली तर काका तिच्या आधीच हजर. आणि बाहेरच्या बाकावर, नातवाला मांडीवर घेऊन, आजी बसलेली. पहिल्या बसने आली होती. थोरली नात तिच्या पदराला धरून उभी.

‘‘मला बघायचंय,’’ आजी म्हणाली.

सिस्टरने नको म्हटलं असतं तर नियमात बसलं असतं. तिने टेबलाशी खुर्ची ओढून दिली.

लाल पट्टीची बाटली फ्रीजरमधून निघाली ती पांढरी, घट्ट. ती आपसूक वितळायला हवी, शेकायची नाही. काकांनी हळूच ती गरम पाण्यात धरायचा विषय काढला आणि सिस्टरने त्यांच्याकडे असं बघितलं की विषय तिथेच संपला. मग चौघंपाचजण त्या बोटभर बाटलीकडे टक लावून बसले. आधी काचेवर वाफ धरली, मग तिचे थेंब झाले. कडेने गोळा सुटला, मधला बर्फ लहान होत गेला, शेवटी तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा उरला आणि तोही गेला. तासभर गेला असेल. बाळ मधेच झोपलं, मधेच उठलं, मधेच काकांच्या अंगावर शू करून मोकळं झालं. काकांना त्याचं भान नव्हतं.

सिस्टरने दोन्ही बाटल्या एकाच मुठीत धरल्या, दहापंधरा सेकंद जोरजोरात हलवल्या आणि खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी ठेवल्या.

दोन्ही सारख्या दुधाळ दिसत होत्या. दोन मिनिटं झाली, तरी सारख्याच. चौथ्या मिनिटाला काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला सांगा काय ते, म्हणाले. दोन्ही सारख्याच भराभर बसल्या तर सगळं संपलं. सिस्टरला संशयातल्या बाटलीत निवळ पाण्याची रेघ दिसतेय असं वाटे, आणि पापणी लवली की नाहीशी होई. भीतीने माणसाला वाटेल ते दिसतं.

‘‘घाई करू नका,’’ आजी म्हणाली. ती खाली वाकून टेबलाच्या पातळीवर डोळा आणून बघत होती. चाळीस वर्षं हौदाच्या काठावर ती अशीच वाकत आली होती. ‘‘तळ बघायचा नसतो. वर बघायचं. थर आधी वर सुटतो.’’

सगळे वर बघायला लागले.

‘‘ही लाल पट्टीवाली सुटली,’’ आजी म्हणाली. ‘‘हिचा दाणा मोठा झालाय. मोठा दाणा थांबत नाही, सरळ तळ गाठतो.’’

आणि खरंच, लाल पट्टीच्या बाटलीत वरून केसाएवढं निवळ पाणी दिसायला लागलं होतं. मग ते बोटाच्या पेराएवढं झालं. खाली पांढरा साका धरत चालला. शेजारची बाटली मात्र वरपासून खालपर्यंत तशीच दुधाळ होती. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. लाल पट्टीची अर्धी निवळली होती. शेजारचीला काही म्हणता काही झालं नव्हतं.

‘‘आणि ही?’’ सिस्टरने विचारलं. तिला दिसत होतं, पण तिला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

‘‘ही अजून तरंगतेय. बारीक आहे, मऊ आहे. अशी माती मिळाली तर मी दोन दिवस हौद सोडणार नाही.’’ आजी सरळ झाली आणि कंबर धरली. ‘‘तुझं औषध मेलेलं नाही, बाई.’’

तिन्ही बाटल्या एकाच पिशवीत, एकाच थंडीत होत्या. हिला काही झालं नाही, तर उरलेल्या दोघींना कुठून होणार? तरी सिस्टरने नियमाप्रमाणे अर्धा तास पुरा केला. मग वहीत वेळ लिहिली आणि सही केली. काका भिंतीकडून वळले. रडत होते, हसत होते, आणि शर्ट कशाने भिजलाय म्हणून आत्ता कुठे चाचपत होते. सिस्टरच्या छातीवरचं ओझं उतरलं. कालपासून आपण पुरता श्वासच घेतला नव्हता, हे तिला तो घेतल्यावर कळलं.

‘‘हे काय आहे?’’ आजीने टेबलावरची लोकरीची पिशवी उचलली. ती दोन बोटांत चोळून बघितली, तशीच, मातीसारखी. ‘‘बाटलीला घालता?’’

‘‘बाटल्या आपटू नयेत म्हणून. माझ्या सासूबाईंनी विणलीय.’’

‘‘म्हणजे थंडी हिच्यातून सावकाश शिरली,’’ आजी म्हणाली. ‘‘आम्ही भट्टीच्या दाराला गोणपाट लावतो, कप एकदम निवू नयेत म्हणून. दोन्ही एकच. सासूला सांग.’’

काकांनी पिशवीकडे बघितलं, मग सिस्टरकडे. औषधाच्या सर्दीचा विनोद त्यांनी पुढे कधी केला नाही. उलट त्याच दुपारी त्यांनी फ्रीजरच्या दारावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी डकवली, आधी कानाशी धरा, आणि खाली स्वतःची सही ठोकली.

सिस्टर आजीला सोडायला फाटकापर्यंत गेली. तिला म्हणायचं होतं बरंच काही. आभार मानायचे होते, माफी मागायची होती, पण तिने नुसतं फाटक उघडून धरलं. आजीने बाळाला खांद्यावर सावरलं.

‘‘याची पुढची सुई कधी?’’

‘‘चार आठवड्यांनी.’’

‘‘बरं.’’ आजी दोन पावलं गेली आणि थांबली. पदराला लोंबकळणाऱ्या थोरल्या नातीला तिने पाठीवर हात ठेवून पुढे केलं. पोरीला काय चाललंय ते लगेच कळलं आणि तिने भोकाड पसरायची तयारी केली.

‘‘हिला आजच टोच,’’ आजी म्हणाली. ‘‘मी बघितलंय आत काय आहे ते.’’